दार आणि ओसरी

आमच्या लहानपणी शेजारधर्म सोपा होता. वाटीभर साखर, चमचाभर विरजण किंवा कालचा पेपर मागितला की द्यायचा. परतीची अपेक्षा फक्त वाटीची. हल्ली निम्म्या शेजाऱ्यांना साखर वर्ज्य असते. ते वायफायचा पासवर्ड मागतात. आणि इथेच नीतिशास्त्राचा पेच पडतो. दिल्यानं आपलं काही सरत नाही, मग 'नाही' म्हणणारा कद्रू नव्हे काय?

मी पडलो बी.कॉम.; तत्त्वज्ञानाशी माझा संबंध जमाखर्चापुरता. पण बँकेच्या काउंटरमागे आयुष्य काढल्यावर एक गोष्ट कळते. पेन उसनं देता येतं, सही देता येत नाही. वायफाय दिसायला पेन, पण स्वभावानं सही! त्यावरून कुणी काहीही उद्योग केले तरी बाहेर पत्ता आपलाच लागतो. जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या बाँबस्फोटांआधी धमकीची ई-मेल आली. तिचा माग काढत पोलीस नवी मुंबईत एका परदेशी गृहस्थांच्या घरी पोचले. चौकशीत त्यांचा संबंध काही निघाला नाही. वायफाय मात्र उघडं निघालं.

तेव्हा कुलूप हवंच, आणि धड हवं. १९९७ चं 'वेप' नावाचं कुलूप २००१ मध्येच अभ्यासकांनी फोडून दाखवलं. आता ते एस.टी.च्या सीटवर टाकलेल्या रुमालाइतकीच राखण करतं. 'डब्ल्यूपीए टू' किंवा २०१८ मध्ये आलेलं 'डब्ल्यूपीए थ्री' निवडावं. पासवर्ड लांबलचक ठेवावा. मुलीचं नाव आणि जन्मसाल हा पासवर्ड नव्हे, बारशाचं आमंत्रण आहे. राउटरबरोबर आलेला 'अ‍ॅडमिन' हा परवलीचा शब्दही बदलावा. तो साऱ्या जगाला पाठ आहे.

मग शेजाऱ्याचं काय? त्याची सोय राउटरवाल्यांनीच केलीय. बऱ्याच राउटरांत पाहुण्यांसाठी निराळं 'गेस्ट नेटवर्क' काढता येतं. ही आपली जुनी ओसरीच! पाहुण्याला इंटरनेट मिळतं, माजघरातल्या फायली दिसत नाहीत. मात्र ओसरीवर बसणाऱ्याचाही पत्ता आपलाच. म्हणून ज्याला आपण जामीन राहू, त्यालाच तिथे बसवावं.

कडी लावली म्हणजे माणुसकी संपली, असं नाही हो. ज्याच्या घराला दारच नाही, तो कुणाला 'या, बसा' म्हणणार? त्याच्याकडे लोक येत नाहीत; शिरतात.