तोफांचा खर्च कुणाच्या खात्यावर?

डेन्मार्कमध्ये ईस्टरनंतरच्या चौथ्या शुक्रवारी ‘स्टोर बेदेदाग’ म्हणजे मोठा प्रार्थनादिन पाळला जाई. वर्षभर विखुरलेले प्रार्थनेचे आणि उपासाचे दिवस एकत्र करून १६८६ मध्ये हा एकच दिवस नेमण्यात आला. त्या दिवशी बेकरीवाल्यांनाही कामबंदी. म्हणून ते आदल्या संध्याकाळी गव्हाचे गोल पाव भाजून ठेवत. गिऱ्हाइकांनी ते सकाळी गरम करून खावेत, असा बेत असे. पण ताज्या पावाचा वास सुटल्यावर सकाळपर्यंत दम कोण धरतो? लोक आदल्या रात्रीच लोणी लावून ते फस्त करू लागले आणि तोच रिवाज पडला. पुढे चर्चमधली गर्दी ओसरली, पाव मात्र टिकले.

फेब्रुवारी २०२३ मध्ये डॅनिश संसदेने ९५ विरुद्ध ६८ मतांनी ही सुट्टी मोडीत काढली. पंतप्रधान मेटे फ्रेडरिक्सन यांच्या सरकारचा हिशेब सरळ होता. लोक वर्षातून एक दिवस जास्त काम करतील, त्यातून तिजोरीत सुमारे तीन अब्ज क्रोनर जादा येतील आणि संरक्षण खर्च जीडीपीच्या दोन टक्क्यांवर २०३३ ऐवजी २०३० मध्येच नेता येईल. कामगार संघटना रस्त्यावर उतरल्या, बिशप मंडळींनी नाराजी कळवली, जेमतेम ५९ लाख वस्तीच्या देशात साडेचार लाखांहून अधिक सह्या गोळा झाल्या. सरकार ढिम्म हलले नाही.

यातली गंमत नंतर कळली. डेन्मार्क काही कर्जात बुडालेला देश नव्हे. त्याच्या अंदाजपत्रकात शिल्लक राहते. फेब्रुवारी २०२५ मध्ये, डोनाल्ड ट्रम्प यांनी ग्रीनलँडवर डोळा ठेवल्यानंतर, याच सरकारने दोन वर्षांसाठी ५० अब्ज क्रोनरची जादा तरतूद जाहीर केली. त्या वेळी कुणाची सुट्टी गेली नाही. मग त्या तीन अब्जांसाठी एवढा आटापिटा कशाला? सरकारला पैशापेक्षा कामाचे तास हवे होते हे एक कारण, ते सरकारनेही लपवले नाही. पण युद्ध जवळ आले आहे आणि त्याची झळ प्रत्येकाला बसणार, हे लोकांना जाणवून देण्याचाही तो एक मार्ग असावा.

युरोपातला संरक्षण खर्चाचा वाद वरवर टक्केवारीचा आहे. २०१४ मध्ये वेल्समधल्या नाटो परिषदेत दोन टक्क्यांचे उद्दिष्ट ठरले, तेव्हा ते गाठणारे देश तीनच होते: अमेरिका, ब्रिटन आणि ग्रीस. जून २०२५ मध्ये हेगच्या नाटो परिषदेत हाच आकडा २०३५ पर्यंत पाच टक्क्यांवर नेण्याचे ठरले. त्यात साडेतीन टक्के प्रत्यक्ष सैन्यावर आणि दीड टक्का पूल, रस्ते, सायबर सुरक्षा अशा पूरक गोष्टींवर. ‘पूरक’ या सदरात काय काय बसते याची चाचपणी लगेच सुरू झाली. सिसिलीला मुख्य भूमीशी जोडणारा साडेतेरा अब्ज युरोंचा मेसिना पूलही यात धरता येईल, असे इटलीतल्या मंत्र्यांना वाटू लागले. स्पेनचे पंतप्रधान पेद्रो सांचेझ यांनी निदान तोंडदेखलेपणा केला नाही, आपल्याला २.१ टक्के पुरेत, असे त्यांनी स्पष्ट सांगून टाकले आणि ट्रम्प यांचा रोष ओढवून घेतला.

टक्केवारीच्या आड दडलेला प्रश्न वेगळा आहे. हा पैसा कुणाकडून काढायचा? एस्टोनियाने मूल्यवर्धित कर २४ टक्क्यांवर नेला, म्हणजे दुकानात जाणाऱ्या प्रत्येकाकडून थोडाथोडा. रशियाची सीमा लागूनच असल्याने तिथल्या माणसाला कारण समजावून सांगावे लागत नाही. पण सीमेपासून जसजसे पश्चिमेला जावे, तसतशी सरकारे अशा खिशांच्या शोधात दिसतात ज्यांचा मालक मतदानाला येत नाही.

ब्रिटनचे उदाहरण बोलके आहे. २५ फेब्रुवारी २०२५ रोजी पंतप्रधान किअर स्टार्मर यांनी २०२७ पर्यंत संरक्षण खर्च अडीच टक्क्यांवर नेण्याची घोषणा केली आणि त्याच भाषणात परदेशी मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.५ वरून ०.३ टक्क्यांवर आणण्याचे जाहीर केले. परदेशी मदतीच्या खात्याच्या मंत्री ॲनलीज डॉड्स यांनी तीनच दिवसांत राजीनामा दिला. बाकी पक्षात फारशी खळबळ नाही. काही महिन्यांनी याच सरकारने अपंगांच्या भत्त्यांना कात्री लावायला घेतली, तेव्हा मात्र मजूर पक्षाच्या शंभराहून अधिक खासदारांनी बंडाचे निशाण उभारले आणि स्टार्मर यांना माघार घ्यावी लागली. अपंग मतदार प्रत्येक खासदाराच्या मतदारसंघात आहेत. सुदानमधल्या छावणीतली बाई कुठल्याच मतदारसंघात नाही.

जर्मनीने खिसा शोधला तो उद्याच्या पिढीचा. तिथे २००९ पासून राज्यघटनेतच कर्जाला लगाम आहे: केंद्राची संरचनात्मक तूट जीडीपीच्या ०.३५ टक्क्यांवर जाता कामा नये. युक्रेनवर रशियाने हल्ला केल्यावर तेव्हाचे चान्सेलर ओलाफ शोल्त्स यांनी १०० अब्ज युरोंचा विशेष निधी उभारला, पण नोव्हेंबर २०२४ मध्ये याच लगामावरून त्यांचे अर्थमंत्र्यांशी फाटले आणि सरकार कोसळले. निवडणुकीत विरोधी पक्षनेते फ्रीडरिश मेर्त्स काटकसरीची भाषा करत होते. २३ फेब्रुवारी २०२५ ला मतदान झाले आणि जिंकल्यावर मात्र त्यांना तोच लगाम सैल करणारी घटनादुरुस्ती हवी होती. पण नव्या संसदेत ती अडवण्याइतके बळ अतिउजव्या एएफडीला आणि डाव्या पक्षाला मिळून आले होते. म्हणून मेर्त्स यांनी मुदत संपत आलेली जुनीच संसद १८ मार्चला बोलावली. जीडीपीच्या एक टक्क्यावरचा सगळा संरक्षण खर्च कर्जमर्यादेतून मोकळा झाला आणि पायाभूत सुविधांसाठी ५०० अब्ज युरोंचा वेगळा निधी मंजूर झाला. बाजूने मते ५१३, विरोधात २०७. सगळे कायद्याला धरून होते. पण मतदाराने ज्यांना घरी बसवले त्यांच्याच हातून करवून घेतलेला हा निर्णय आहे, आणि ‘जुने पक्ष ऐकतच नाहीत’ म्हणणाऱ्यांना याहून चांगले भाषण दुसऱ्या कुणी लिहून दिले नसते.

या पैशाने काय होते ते पाहायला ग्योर्लिट्सला जावे. नाइसे नदीच्या अलीकडे हे जर्मन शहर, पलीकडे पोलंड. इथे १८४९ पासून रेल्वेचे डबे बनत. पूर्व जर्मनीच्या काळात इथल्या दुमजली डब्यांचे मोठे नाव होते. आल्स्टॉम कंपनीने हा कारखाना बंद करायचे ठरवले, तेव्हा रणगाडे बनवणारी केएनडीएस पुढे आली. फेब्रुवारी २०२५ मध्ये शोल्त्स यांच्या उपस्थितीत करार झाला. आता तिथे लेओपार्ड रणगाड्याचे आणि पूमा या चिलखती वाहनाचे भाग व्हायचे आहेत. सातशेपैकी निम्म्या कामगारांची सोय झाली, बाकीच्यांतल्या काहींची दुसरीकडे लावण्याचे आश्वासन मिळाले. डबा जोडणाऱ्या वेल्डरचे कसब रणगाड्याच्या सांगाड्यालाही चालते, पगारही चालू राहतो. ग्योर्लिट्सचे खासदार मात्र एएफडीचे सहअध्यक्ष टिनो क्रुपाला आहेत, आणि युक्रेनला शस्त्रे देण्याला त्यांच्या पक्षाचा कडवा विरोध आहे.

शस्त्रखर्चातून अर्थव्यवस्थेला गती मिळेल, या आशेवर युरोपातले अनेक अर्थमंत्री उभे आहेत. ती अगदीच पोकळ नाही. जर्मनीतल्या कील इन्स्टिट्यूटसाठी अर्थशास्त्रज्ञ इथन इल्झेत्स्की यांनी केलेला अभ्यास सांगतो की खर्च दोनवरून साडेतीन टक्क्यांवर नेला तर युरोपचा जीडीपी ०.९ ते १.५ टक्क्यांनी वाढू शकतो. अट एवढीच की पैसा युरोपातच आणि नव्या तंत्रज्ञानावर खर्च व्हावा. घोडे नेमके तिथेच पेंड खाते. युरोपीय मध्यवर्ती बँकेचे माजी अध्यक्ष मारिओ द्राघी यांच्या २०२४ च्या अहवालानुसार जून २०२२ ते जून २०२३ या वर्षात युरोपीय संघातल्या देशांच्या शस्त्रखरेदीतला ७८ टक्के पैसा संघाबाहेर गेला, त्यात अमेरिकेचा वाटा ६३ टक्के. पोलंडने ऑगस्ट २०२२ मध्ये दक्षिण कोरियाशी रणगाड्यांचा करार केला आणि पहिली खेप डिसेंबरात ग्डिनिया बंदरात उतरलीसुद्धा. जर्मन कारखान्यांना एवढ्या झटपट ते जमणारे नव्हते. शेजारी युद्ध पेटलेले असताना पोलंडने स्वदेशीचे व्रत घेऊन वाट पाहत बसायला हवे होते, असे कोण म्हणेल?

तोफगोळ्यांची कथाही तीच. मार्च २०२३ मध्ये युरोपीय संघाने युक्रेनला वर्षभरात दहा लाख गोळे देण्याचा शब्द दिला; मुदत संपली तेव्हा जेमतेम निम्मे पोचले होते. पैसा होता, स्फोटके आणि दारू नव्हती, ती बनवणारे जुने कारखाने शांततेच्या तीस वर्षांत बंद पडले होते. ही साखळी कोकणापर्यंत आली आहे. मे २०२५ मध्ये जर्मनीच्या राइनमेटलने रिलायन्स डिफेन्सशी करार केला: राइनमेटलच्या दारूगोळ्यासाठी लागणारी स्फोटके आणि प्रणोदके रिलायन्सने पुरवायची. त्यासाठीचा कारखाना रत्नागिरी जिल्ह्यातल्या वाटदला नियोजित आहे, आणि तिथल्या भूसंपादनाला गावकऱ्यांचा विरोध आहे. बर्लिनमध्ये मंजूर झालेल्या रकमेची एक बाजू अशी कोकणातल्या सातबाऱ्यापर्यंत येऊन पोचते.

शीतयुद्धात पश्चिम जर्मनी संरक्षणावर तीन टक्क्यांच्या आसपास खर्च करत असे, तरी तिथे पेन्शनही होती आणि दवाखानेही. मग आताच रड कशाची, असा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. तो अर्धाच खरा आहे. तेव्हाचा युरोप तरुण होता. आज निवृत्तांची संख्या फुगली आहे, आणि ते न चुकता मतदान करतात.

फ्रान्समध्ये संरक्षण आणि पेन्शन या दोन्ही गोष्टी एकमेकींवर आदळल्या. अध्यक्ष इमान्युएल माक्राँ यांना २०२७ मध्ये सैन्यावर ६४ अब्ज युरो हवे आहेत. देशाची तूट २०२४ मध्ये ५.८ टक्के होती. जुलै २०२५ मध्ये पंतप्रधान फ्रांस्वा बायरू यांनी सुमारे ४४ अब्जांच्या बचतीचा आराखडा मांडला. त्यात डेन्मार्कचा कित्ता गिरवत दोन सुट्ट्या रद्द करण्याचाही प्रस्ताव होता, आणि त्यातली एक ८ मेची, नाझी जर्मनीवरच्या विजयाची. सप्टेंबरात विश्वासमत ३६४ विरुद्ध १९४ असे हरून बायरू घरी गेले. त्यांच्या जागी आले सेबास्तियाँ लकोर्नू, तोवरचे संरक्षणमंत्री. तेही ऑक्टोबरात राजीनामा देऊन चार दिवसांत पुन्हा नेमले गेले. टिकून राहण्यासाठी समाजवाद्यांचा पाठिंबा लागणार होता, म्हणून त्यांनी निवृत्तीचे वय ६४ करणारी २०२३ ची सुधारणा अध्यक्षीय निवडणूक होईपर्यंत स्थगित करण्याचे मान्य केले. त्याच अंदाजपत्रकाच्या मसुद्यात सैन्यासाठी ६.७ अब्जांची वाढ तशीच ठेवली होती. सुट्ट्याही शाबूत, पेन्शनही शाबूत, तोफाही मंजूर. मधला फरक कर्जरोखे भरून काढणार, आणि त्यांचे व्याज २०२७ मध्ये अध्यक्षांच्या एलिझे प्रासादात जो कुणी येईल त्याच्या गळ्यात पडणार आहे.