मालकाच्या वहीत विणकर

भिवंडीच्या अरुंद गल्ल्यांतून जो कोणी गेला असेल, त्याच्या कानांत यंत्रमागांचा खडखडाट पुष्कळ वेळ राहतो. १९८२ च्या जानेवारीत मुंबईच्या गिरण्यांतील सुमारे अडीच लाख कामगारांनी संप केला, तेव्हा गिरण्यांचे बरेच काम ह्या गावाकडे वळले. येथील लहान कारखान्याचा मालक मोठा शेटजी असतोच असे नाही. पुष्कळांस सूत व्यापारी देतो व विणाई मीटरवर मिळते. म्हणजे मालकही एका प्रकारे मजूरच.

अशा मालकास धंद्याची बरकत कशात आहे असे विचारिले, तर तो सुताचा भाव, विजेचे बिल व अडकलेली येणी सांगेल. विणकराचे नाव सहसा निघत नाही. माणसे काय, येतात नि जातात! विणकरासही मजुरी मीटरवरच, तेव्हा कापड कमी निघाले तर तोटा त्याचा, असा हा हिशेब. तो अपुरा आहे. एकच विणकर कित्येक माग सांभाळतो. १२ तासांच्या पाळीच्या अखेरीस तुटलेला धागा त्यास दिसला नाही, तर तागा खराब होतो आणि व्यापारी पैसे कापतो ते मालकाचे. २०२० च्या टाळेबंदीत हजारो विणकर उत्तर प्रदेश व बिहारकडे आपापल्या गावी निघून गेले. पुढे परवानगी मिळाली, वीज होती, सूतही होते. तरी माणसांवाचून पुष्कळ माग उभे राहिले.

परंतु आम्हांस खरी अडचण पुढेच दिसते. नफा वाढतो म्हणून माणसास नीट वागवा, असे सांगितले तर मालकास ते पटेल. मग ज्याची दृष्टी मंदावली, ज्यास कापसाच्या धुळीने खोकला जडला, त्याचे काय? त्यास ठेवण्यात नफा नाही. मालक म्हणेल, दर व्यापारी ठरवितो, मी कोठून देऊ? हे उत्तर खोटे नाही. पण पुरते खरेही नाही. उचलीचा हिशेब विणकरास वाचून दाखविण्यास, अथवा डोळे अधू झालेल्यास कांड्या भरण्याचे काम देण्यास व्यापाऱ्याची परवानगी लागत नाही.

वाचकहो, आपणांपैकी जे सुगीत दोन मजूर लावितात तेही मालकच होत. गेल्या वर्षी ज्याचा पाय आपल्या खळ्यावर मोडला, त्यास यंदा निरोप गेला काय?