आधी मोज

उन्हाळ्याची सुट्टी लागली आणि आंब्याची पेटी रिकामी झाली. नातीने ती धुऊन, वाळवून आडवी ठेवली, मध्ये पुठ्ठ्याची भिंत घातली. एक माजघर झालं, एक दिवाणखाना.

शिकागोत राहणाऱ्या मामाने तिला तिथल्या आर्ट इन्स्टिट्यूटमधल्या थॉर्न खोल्यांचे फोटो पाठवले होते. नार्सिसा थॉर्न या बाईंनी १९३२ ते १९४० या काळात कारागिरांकडून करवून घेतलेल्या अशा ६८ चिमुकल्या खोल्या तिथे आहेत. खऱ्या घरातला एक फूट म्हणजे तिथला एक इंच. नातीने हाच हिशेब पेटीच्या पाठीवर पेन्सिलीने लिहिला आणि कामाला लागली.

काडेपेट्या एकावर एक चिकटवून कपाट झालं, त्याच्या खणांना मोत्यांच्या मुठी. आइस्क्रीमच्या काड्यांचा झोपाळा तुटक्या साखळीच्या दोन तुकड्यांवर टांगला. आठ इंची फरशी या हिशेबात पाऊण इंचाहूनही लहान होते. असे काळे-पांढरे चौकोन रंगवण्यात तिचे अडीच दिवस गेले. हे अडीच दिवस मला फार मोलाचे वाटतात. घरात कुणी तिला घाई केली नाही.

उरला खिडकीचा पडदा. तिथे तिचं मन अडलं ते आजीच्या लग्नातल्या पैठणीवर. पदरावरचे मोर तिला हवे होते.

"एकच मोर, आजी. कोपऱ्यातला."

सून स्वयंपाकघरातून धावत आली. आजीने तिला हाताने थांबवलं, उठून ट्रंक उघडली, मलमलीत गुंडाळलेली पैठणी नातीपुढे पसरली. शेजारी कात्री ठेवली आणि फूटपट्टीही ठेवली.

"आधी मोज," एवढंच म्हणाली.

मोर अडीच इंचांचा भरला. नात पेटीकडे बघत राहिली. खिडकी चार इंचांची, झोपाळ्यावर बसायची बाहुली पाच इंचांची. ओठ हलत होते, हिशेब चालला होता. मग तिने मोरावरून एकदा बोट फिरवलं.

"हा मोर बाहुलीच्या कमरेपर्यंत येईल गं. खोलीत दुसरं काही दिसणारच नाही."

पैठणीची घडी तिनेच घातली.

संध्याकाळी आजीने जुन्या कपड्यांच्या बोचक्यातून एक उसवलेली खणाची चोळी काढली. रंग विटलेला, पण बुट्टी तांदळाच्या दाण्याएवढी. एवढ्याशा कापडाला वजन नसतं. ते आपल्या घरच्या पडद्यासारखं खाली पडत नाही, फुगून उभं राहतं. म्हणून फेविकॉल पाण्यात पातळ करून त्यात कापड भिजवलं, थर्माकोलवर टाचण्या लावून चुण्या घातल्या आणि रात्रभर सुकू दिलं. सकाळी कडा कातरल्या, एकही दोरा सुटला नाही. पडदा खिडकीत चढला आणि पेटीचं घर झालं.

रात्री सुनेने विचारलं, "आई, तिने खरंच कात्री चालवली असती तर?"

"चालवली असती तर गेला असता मोर," आजी म्हणाली. "पण मी नको म्हटलं असतं, तर तिला वाटलं असतं की म्हातारीला नातीपेक्षा साडी प्यारी. आता तिला ठाऊक आहे, त्या खोलीला काय शोभतं."

परवा आजी मोठ्या घरासाठी पडद्याचं कापड आणायला गेली, तेव्हा नात बरोबर होती. दुकानदाराने ठाण उलगडलं तशी तिने दप्तरातून पट्टी काढली आणि छापाचं फूल मोजलं.

तुमच्याही घरी एखादी उसवलेली खणाची चोळी बोचक्यात पडली असेल. ती टाकू नका, लहान हातांत द्या. सोबत फूटपट्टीही द्या.