ओवाळणी आणि वाटणी

दिवाळी सरत आली, भाऊबीज जवळ आली, की माझ्या मनात एक खुटखुट सुरू होते. मी अक्काच्या घरी जातो. ती पाट मांडते, पाटाभोवती रांगोळीची रेघ ओढते, मला ओवाळते आणि मी तबकात पाकीट ठेवतो. पाकिटात किती घालावे हे मी आदल्या रात्री ठरवतो. तो आकडा सर्वस्वी माझ्या मनावर असतो. अक्काने तो कधी विचारला नाही. पाकीट माझ्यादेखत कधी उघडलेही नाही. ओवाळणीचा सगळा गोडवा यातच आहे, आणि माझी खुटखुटही यातच आहे.

ती वाढली २०२४ साली. त्या वर्षीच्या जूनमध्ये आपल्या शासनाने ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ ही योजना जाहीर केली. एकवीस ते पासष्ट वर्षांची स्त्री, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत, दरमहा दीड हजार रुपये. राखीपौर्णिमेच्या तोंडावर पहिले दोन हप्ते एकदम जमा झाले आणि नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक झाली. कोणी त्याला मतांचा सौदा म्हटले, कोणी तिजोरीची काळजी केली. काळजी अगदीच खोटी नव्हती. २०२५-२६ च्या अंदाजपत्रकात या एका योजनेसाठी छत्तीस हजार कोटी रुपये धरावे लागले. पण ही रीत एका पक्षाची किंवा एका राज्याची नाही. मध्य प्रदेशातली ‘लाडली बहना’ आणि कर्नाटकातली ‘गृहलक्ष्मी’ दोन्ही २०२३ सालच्या, आणि त्या सुरू करणारे पक्ष एकमेकांचे हाडवैरी. तेव्हा पक्षांचा हिशेब मी बाजूला ठेवतो. मला अडले ते नावापाशी. राज्य माझ्या बहिणीचा भाऊ कधीपासून झाले? आणि भाऊ झाले, तर ते तिला ओवाळणी घालते आहे की तिचा वाटा देते आहे?

हे मी आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या बाईंपाशी बोलून बसलो. त्यांना पैसे मिळत होते. मुलाची फी भरली होती, आणि जन्मात प्रथमच बँकेच्या पुस्तकात त्यांच्या एकटीच्या नावावर काही पडले होते. मी मोठ्या शहाणपणाने म्हणालो, “पण बाई, हा तुमचा हक्क म्हणून मिळायला हवा होता.” त्या पोळी लाटताना थांबल्यादेखील नाहीत. म्हणाल्या, “हक्क कोण देतंय साहेब? ओवाळणी निदान हातात तरी पडते.”

मी गप्प झालो. पोट भरलेल्या माणसाने हक्काची थोरवी सांगावी आणि ज्याला गरज आहे त्याने ती ऐकून घ्यावी, हा प्रकार मला तेव्हा जरा लाजिरवाणाच वाटला. तरी शंका काही गेली नाही. २०२५ च्या सप्टेंबरात त्याच बाई पुन्हा हवालदिल होऊन आल्या. आता ई-केवायसी करायची होती, आणि तीत त्यांच्या आधार क्रमांकाबरोबर नवऱ्याचा किंवा वडिलांचाही क्रमांक मागितला होता. नवरा घर सोडून गेलेला, वडील वारलेले. “माझं नाव काढतील का हो?” हा प्रश्न त्यांनी मला असा विचारला, की जणू त्यांच्याच हातून काही अपराध घडला होता. सरकारी पैशाची तपासणी व्हायलाच हवी, त्याबद्दल माझे म्हणणे नाही. पण त्यांचा तो आवाज मी विसरलो नाही.

मला त्या वेळी १९७२ चा दुष्काळ आठवला. आमचे गाव नीरेच्या कालव्याखालचे, आमचे कसेबसे निभावले. पण वरच्या माळावरच्या बायका बोटांना चिंध्या गुंडाळून रस्त्याकडेला खडी फोडत, ते मी लहानपणी पाहिले आहे. त्या अनुभवातून रोजगार हमी योजना उभी राहिली. विधानपरिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी तिचा पाठपुरावा केला, १९७७ साली विधिमंडळाने कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागेल त्याला काम. पंधरा दिवसांत दिले नाही तर बेकारभत्ता. खर्चासाठी शहरातल्या नोकरदारांवर व्यवसायकर बसवला होता. माझ्याही पगारातून तो दरमहा कापला जाई आणि मी दरमहा कुरकुरत असे. मला कोणी भाऊ म्हटले नाही, मी कोणाला बहीण म्हटले नाही. खोटी हजेरीपटे होती, मजुरी महिनोन्‌महिने रखडे, सारे होते. पण मजुरी थकली की त्याच बाया तहसील कचेरीवर मोर्चा नेत आणि तहसीलदाराला बाहेर बोलावून जाब विचारीत. मागण्यात त्यांना कमीपणा वाटत नसे. कायद्याच्या नावातच ‘हमी’ हा शब्द होता. २००५ साली देशाने ग्रामीण रोजगाराचा कायदा केला, तोही याच वाटेने. लाडक्या बहिणीने मात्र भावाच्या दारात मोर्चा कसा न्यावा? तिने फार तर रुसावे.

इथवर मी सरकारचे दोष काढीत आलो. आता माझ्या घरचे सांगतो.

आमचे वडील २००७ साली गेले. त्याआधी, ९ सप्टेंबर २००५ पासून, हिंदू उत्तराधिकार कायद्यातल्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच जन्मजात वाटा दिला होता. महाराष्ट्राने ही सुधारणा १९९४ सालीच केली होती, पण त्यापूर्वी लग्न झालेल्या मुली तीतून वगळल्या होत्या, अक्का त्यांतली. नव्या कायद्याने तीही आत आली. कालव्याखालच्या सहा एकरांत तीन एकर तिचे झाले. वर्षश्राद्ध आटोपल्यावर मी तिला मोटारीतून तालुक्याला घेऊन गेलो. हक्कसोडपत्र तयारच होते. लिहिणाऱ्याने सवयीने वाचून दाखवले, “मी राजीखुशीने व कोणत्याही दबावाशिवाय...” अक्काने सही केली, अंगठा उमटवला. येताना मी तिला पैठणी घेतली. त्या वर्षीची भाऊबीज फार थाटात झाली.

दबाव खरेच नव्हता. मी एक शब्द बोललो नव्हतो. पण वाटा घेतला असता तर माहेर तुटले असते, हे तिला ठाऊक होते, आणि तिला ते ठाऊक आहे हे मला ठाऊक होते. कायद्याने दिलेला हक्क आमच्या घरात मायेनेच काढून घेतला, आणि मग दरवर्षी थोडा थोडा करून तबकात घातला. पोळ्या करणाऱ्या बाई म्हणाल्या ते माझ्या घरापुरते तरी खरे ठरले होते. तो हक्क तिच्या हाती पडू नये अशी तजवीज मीच केली होती.

गेल्या महिन्यात तो कागद कपाटातून काढून मी मुलाला दाखवला. जमीन अक्काच्या नावे परत करावी, बक्षीसपत्र करावे लागेल, असे म्हणालो. तो म्हणाला, “बाबा, आत्याने कधी मागितलंय का?” तो वाईट मुलगा नाही. तीन एकर गेले तर त्याचा ऊस निम्म्यावर येतो. आणि ‘बक्षीसपत्र’ हा शब्द तर मलाही टोचला. तिचेच तिला द्यायचे, तेसुद्धा बक्षीस म्हणून!

तरी परवा मी अक्काला फोन केला. जमिनीचे नाव काढले. पलीकडे बराच वेळ आवाज नव्हता. मग ती म्हणाली, “भाऊबीजेला येतोयस ना? तेव्हा सातबारा घेऊन ये. बघू.”

अक्का काही मागते आहे असे मी प्रथमच ऐकत होतो. सातबारा काढून आणला आहे. पाकिटात यंदा किती घालावे, ते मात्र अजून ठरत नाही.