खरी कमाई

ज्या वस्तूच्या आधी 'खरा' हे विशेषण लावावं लागतं ती वस्तू जरा लांबूनच पाहावी, असं माझं जन्मभराचं धोरण आहे. 'खरं साजूक तूप', 'खरा देवगड हापूस' आणि 'खरं सांगतो' या तिन्हींनी मला वेळोवेळी फसवलेलं आहे. दसऱ्याला तर 'खरा आपटा, खरा आपटा' असं ओरडत कांचनाची पानं माझ्या गळ्यात इतक्यांदा मारली गेली आहेत, की एका वर्षी एकाने चुकून आपट्याचीच दिली, तर मी त्याच्याशी भांडलो.

त्यामुळे गेल्या डिसेंबरात न्यू जर्सीला मुलीकडे असताना ती म्हणाली, "बाबा, यंदा ख्रिसमसला खरं झाड आणायचं," तसा मी सावध झालो.

"खरं म्हणजे?"

"खरं म्हणजे जिवंत."

"म्हणजे तोडलेलं," जावई म्हणाले. आमच्या जावयांना निष्कारण खरं बोलण्याची खोड आहे.

तोवर त्यांच्याकडे ख्रिसमसचं झाड म्हणजे तळघरातलं एक लांबट खोकं होतं. चीनमध्ये झालेलं, तीन तुकड्यांचं. एकावर एक बसवायचं आणि छत्री उघडावी तशा फांद्या उघडायच्या. सहा जानेवारीला मिटून पुन्हा खोक्यात. मला ते झाड आवडायचं. त्याला पाणी लागत नव्हतं, ते कचरा करत नव्हतं, आणि मुख्य म्हणजे त्याचे पैसे देऊन झालेले होते. खोट्या झाडाला नाक मुरडणाऱ्यांना मी असंही सांगेन की हा खोटेपणा प्लॅस्टिकच्या फार आधीचा आहे. एकोणिसाव्या शतकातच जर्मनीत बदकहंसाची पिसं हिरवी रंगवून, तारेला गुंडाळून त्यांची झाडं करत. जिथून हा सण झाडापाशी आला तिथेच पहिली नक्कल झाली, हे मला फार माणुसकीचं वाटतं.

यंदा खऱ्याचा आग्रह धरण्याचं कारण आमचा नातू. वय वर्षं अकरा. तो त्या वर्षी स्काउटात गेला होता, आणि त्याच्या पथकाने तिथल्या एका चर्चच्या मोटारी लावायच्या मैदानात झाडं विकायला ठेवली होती. त्या देशात ही जुनी रीत आहे. तंबू, शिबिरं, होड्या यांचा खर्च मुलांनी काहीतरी विकून उभा करायचा. मुलगे मक्याच्या लाह्या विकतात, मुली बिस्किटं विकतात. म्हणजे पूर्वी अशी वाटणी होती. २०१९ पासून मुलींनाही मुलांच्या त्या संस्थेच्या स्काउट शाखेत घेऊ लागले, आणि १९१० पासूनचं 'बॉय स्काउट्स ऑफ अमेरिका' हे नाव जाऊन २०२५ मध्ये 'स्काउटिंग अमेरिका' झालं. डिसेंबरात काही पथकं झाडं विकतात.

पहिली हरकत आमच्या हिने घेतली. "सात वर्षं वाढलेलं झाड तीन आठवड्यांच्या शोभेसाठी तोडायचं? वटपौर्णिमेला फांदी तोडून आणू नका म्हणून आपल्याकडे किती समजावतात."

झाडाची माहिती मी काढून ठेवली होती. सेवानिवृत्त माणसाला दुसरं काम काय? हे झाड म्हणजे फ्रेझर फर. नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरांत त्याची शेती होते. हो, शेतीच. जंगलातून कोणी तोडून आणत नाही. सहा-सात फूट व्हायला सात ते दहा वर्षं लागतात, दरवर्षी छाटून त्याला तो निमुळता आकार द्यावा लागतो, आणि तोडलं की त्या जागी नवं रोप लावतात. हे सगळं मी हिला सांगितलं. तिच्यावर काही परिणाम झाला नाही. मग मी म्हटलं, "आपल्या लग्नात दाराला केळीचे खांब होते."

ती थोडा वेळ गप्प राहिली. "केळ व्यायल्यावर तोडतात," एवढंच म्हणाली, पण आवाज खाली आला होता.

दुसरी हरकत जावयांची, आणि ती जास्त अवघड होती. जवळच्या एका मोठ्या दुकानात अस्संच झाड साठ डॉलरला होतं आणि स्काउटांकडे पंच्याऐंशीला. जावई म्हणाले, "बाबा, साधा हिशेब आहे. त्यांच्या पंच्याऐंशीतले निम्मे तरी शेतकऱ्याला आणि ट्रकवाल्याला जात असतील. त्यापेक्षा झाड दुकानातून आणू आणि पथकाला पन्नासचा चेक देऊ. त्यांना जास्त मिळतील. शिवाय थंडीत उभं राहायला नको."

हिशेब बिनतोड होता. बिनतोड हिशेबाने मला नेहमीच अस्वस्थ वाटतं. कुठेतरी काहीतरी निसटलेलं असतं आणि ते आकड्यात नसतं. मी रात्रभर विचार केला. म्हणजे साडेदहापर्यंत.

आता पाहा, देणं आम्हाला नवीन नाही. गणपतीची वर्गणी मी पन्नास वर्षं देत आलो आहे. पावतीपुस्तक घेऊन पाच तगडी मुलं दारात उभी राहतात, त्यातला एक आपल्याकडे न पाहता आपल्या टीव्हीकडे पाहतो, आणि आपण 'मागच्या वर्षी किती होते?' असं विचारून त्यात थोडी भर घालतो. ते दान नव्हे, ती भीती. चेक देणं हे त्याहून पुष्कळ सभ्य, पण चेक देताना देणारा नकळत एक पायरी वर उभा असतो आणि घेणारा एक पायरी खाली. खरेदीचं तसं नाही. तिथे दोघंही सपाट जमिनीवर. तो म्हणतो पंच्याऐंशी, मी म्हणतो महाग आहे, तो म्हणतो बघा मग. अकरा वर्षांच्या पोराला माझ्याशी असं बोलता यावं याची किंमत पंचवीस डॉलर जास्त नाही, अशा निष्कर्षाला मी आलो. मग लगेच दुसरी शंका. आपल्याला महाग पडतंय हे ठाऊक असून घेतलं, तर ती खरेदी राहिली कुठे? दानाला खरेदीचा सदरा घातला, एवढंच. आणि ते पोराला कळलं तर?

या मुक्कामावर मला झोप लागली.

शनिवारी आम्ही गेलो. थंडी अशी की नाक आहे की नाही हे हात लावून पाहावं लागत होतं. मैदानात दोऱ्या बांधून त्यांना झाडं टेकवून ठेवली होती, वर दिव्यांची माळ, आणि सगळीकडे तो वास! कापूर, लिंबाची साल आणि नुकतंच रंधलेलं लाकूड यांच्या मधला. प्लॅस्टिकच्या बाजूने माझं जे काही म्हणणं होतं त्यातलं बरंचसं त्या वासाने तिथल्या तिथे खोडून काढलं.

नातू कामावर होता. झाड उभं करून दाखवायचं, गरगर फिरवायचं, वाळक्या सुया पडतात का हे गिऱ्हाइकाला दाखवायला आपटायचं, मग नळकांड्यातून ओढून जाळी चढवायची. बुंधा खालून इंचभर नव्याने कापावा लागतो, नाहीतर राळेने तोंड मिटतं आणि झाड पाणी पीत नाही. ते काम करवतीचं, म्हणून मोठ्यांचं. उचलून मोटारीच्या टपावर ठेवायचं, तेही वडील मंडळींनीच. बारकाईने पाहिलं तर पोरांकडे मुख्यतः दोरीचं एक टोक धरण्याचं काम होतं. पण ते टोक नातवाने असं धरलं होतं, की सुटलं तर झाड थेट नॉर्थ कॅरोलायनाला परत जाईल.

त्याच्या गळ्यात स्काउटचा स्कार्फ होता. तो पाहिला आणि माझ्या पोटात एक जुना खडा हलला.

मीही स्काउट होतो. खाकी चड्डी, स्कार्फ, वागल, शिट्टी, डाव्या हाताने हस्तांदोलन, सगळं. आणि वर्षातून एकदा 'खरी कमाई'. ज्यांनी केली असेल त्यांना आठवत असेल. इंग्लंडात १९४९ साली स्काउटांनी घरोघर जाऊन शिलिंगभर मोबदल्यात काम करायची टूम काढली होती, तिचीच ही चुलत बहीण. आपल्याला एक कार्ड मिळायचं. शेजारीपाजारी जाऊन 'काही काम आहे का?' विचारायचं, काम करायचं, आणि काय काम केलं, किती पैसे मिळाले, हे लिहून त्यांची सही घ्यायची.

साल १९६२. पहिल्या दिवशी मी वाड्यातल्या एका आजींचे तांदूळ निवडले. अडीच तास. त्यांनी दहा नवे पैसे दिले आणि ताटात राहिलेले दोन खडे परत दाखवले. दुसऱ्या दिवशी एका वकिलांचे तीन जोड बूट. त्यांनी पैसे 'उद्या' देतो म्हणून सांगितलं. ते उद्या अजून यायचं आहे. तिसऱ्या दिवशी मी रडवेला होऊन घरी आलो. वडिलांना दया आली. दया, किंवा मुलगा मागे पडेल ही लाज. दोन्ही एकाच खिशात असतात. त्यांनी साडेचार रुपये काढून दिले आणि स्वतःच्या सुरेख अक्षरात कार्ड भरलं: अंगण झाडणे, आठ आणे. बागेतील तण काढणे, एक रुपया. आमच्या वाड्यात बाग म्हणजे एक तुळस होती. काकांची सही, मामांची सही.

मी वर्गात पहिला आलो. गुरुजींनी मला पुढे बोलावलं आणि सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. दुसरा आलेल्या मुलाचा एक रुपया पंधरा पैसे झाले होते. त्याने वखारीत लाकडं रचली होती, हाताला फोड होते. त्या हातांनी त्याने टाळ्या वाजवल्या. मला त्याचा चेहरा आता आठवत नाही. टाळ्या आठवतात.

वडिलांनी मला फसवायला शिकवलं असं मी म्हणणार नाही. त्यांनी दिलेले साडेचार रुपये खरेच होते, स्काउट फंडाला ते खरेच मिळाले. जावयांच्या हिशेबाने पाहिलं तर माझ्या तांदूळ निवडण्यापेक्षा फंडाचं त्यात जास्त भलं झालं. अडचण फक्त कार्डाची होती.

तर त्या मैदानात आम्ही पंच्याऐंशी डॉलर दिले. घासाघीस मी केली नाही, पण थोडा चेहरा पाडला. झाड टपावर चढलं. नातवाची तीन तासांची पाळी अजून चालू होती, म्हणून मी त्याच्यासाठी थांबलो. दोन तास होता होता त्याचे ओठ निळे पडायला लागले. मी त्याला गाडीत बसवलं, हीटर लावला, गरम कोको पाजला. पाळीचा उरलेला वेळ आम्ही तिथेच गप्पा मारत घालवला. मग तो उतरला आणि टेबलावरच्या कागदावर आपले तास मांडायला गेला. तो कागद कोणी तपासत नव्हतं. ज्याने त्याने आपापले लिहायचे.

मी त्याच्यामागे उभा होतो. त्याने पेन उचललं. आणि मी म्हणालो, "तीन लिही रे. आलास तर तीन तासांसाठीच. थंडी पडली हा काय तुझा दोष?"

हे वाक्य माझ्या तोंडून बाहेर पडलं तेव्हा त्याला माझ्या वडिलांचा आवाज होता.

नातवाने वळून पाहिलं. "पण आजोबा, मी तर गाडीत होतो."

"हो, पण..."

"यू आर जोकिंग, ना?"

"अर्थात!" मी म्हणालो. "जोक." आणि मोठ्याने हसलो. वाफ निघाली नुसती.

त्याने दोन तास लिहिले. मग थोडा विचार करून पुढे 'दहा मिनिटं' असं जोडलं. गाडीत यायच्या आधी एका म्हाताऱ्या बाईंचं झाड त्याने गाडीपर्यंत धरत नेलं होतं म्हणे. आपल्या बाजूचीही दहा मिनिटं तो सोडत नव्हता, हे पाहून मला फार बरं वाटलं. नुसता सज्जन असता तर मला त्याची काळजी वाटली असती.

झाड दिवाणखान्यात उभं राहिलं. पहिल्या रात्रीत ते जवळजवळ चार लिटर पाणी प्यायलं. मी दोनदा उठून घालत होतो. हिने त्याच्या शेंड्यावर चांदणी लावली आणि बुंध्याशी, कोणी पाहत नाही असं बघून, हळदकुंकू वाहिलं.

जानेवारीच्या पहिल्या शनिवारी तेच स्काउट घरोघर फिरून वाळलेली झाडं गोळा करतात. दहा डॉलर घेतात. पुढे झाडांचा भुसा करून बागांत पसरतात, आणि तिथल्या समुद्रकिनाऱ्यावर काही गावांत वाळूच्या टेकड्या धरून ठेवायला ती आडवी पुरतात. दारावरची घंटा वाजली. उघडलं तर नातू. स्वतःच्याच घराची घंटा वाजवून, गणवेशात, दोन सोबत्यांसह उभा.

"गुड मॉर्निंग, सर. झाड न्यायला आलोय."

मी वीसची नोट दिली. त्याने दहाची परत दिली.

"ठेव रे वरचे."

"आजोबा," तो हळूच, मित्रांना ऐकू जाणार नाही असं मराठीत म्हणाला, "रेट दहाच आहे."

तिघांनी झाड आडवं करून ओढत नेलं. दिवाणखान्यापासून पायऱ्यांपर्यंत सुयांची एक हिरवी-तपकिरी वाट पडली. प्लॅस्टिकच्या झाडाने हे कधी केलं नव्हतं. मुलगी व्हॅक्यूम क्लीनर आणायला निघाली. मी म्हटलं, राहू दे, आणि केरसुणी मागितली. तिच्या घरात केरसुणी नव्हती. गॅरेजमध्ये लांब दांड्याचा एक झाडू निघाला. तो घेऊन मी आतली खोली, दार, पायऱ्या आणि पुढचं अंगण रस्त्यापर्यंत झाडून काढलं. अर्धा तास गेला. कंबर धरली.

आत आलो तर ही चहा घेऊन उभी. तिने खोलीवर एक नजर फिरवली.

"सोफ्याखाली राहिलंय," म्हणाली.