वडिलांचा जुना ट्रक व आपलें कर्तव्य

तुळजापूर तालुक्यांतील एका वाचकाचें पत्र आमच्यापुढें आहे. त्यांचे वडील दोन वर्षांपूर्वीं वारले. मागें त्यांनीं पांच एकर कोरडवाहू जमीन, एक पत्र्याचें घर आणि घरामागील चिंचेखालीं उभा असलेला एक मालट्रक एवढें ठेविलें. ट्रक टाटांचा, १९६८ सालचा, लांब नाकाडाचा. त्याच्या तोंडावर जर्मन कंपनीचा तीन टोकांचा तारा अजून आहे. वडिलांनीं तो जुनाच विकत घेतला, १९७८ पासून तीस वर्षें स्वतः चालविला, आणि त्यानंतर तो जागचा हलला नाहीं. कोंबड्या त्यांत अंडीं घालतात. भंगारवाला दोनदां येऊन भाव सांगून गेला. थोरल्या पुत्राची, म्हणजे पत्रलेखकाची, इच्छा आहे कीं ट्रक पूर्ववत् करावा. धाकटा बंधु म्हणतो, विकून टाकावा. पत्रांत दोन प्रश्न विचारले आहेत. असें करणें म्हणजे वडिलांचा मान राखणें होईल, कीं तो निर्जीव वस्तूचा मोह ठरेल? आणि सर्व भाग बदलल्यावर तो वडिलांचा ट्रक राहील काय?

दुसरा प्रश्न आधीं घेऊं, कारण तो फार जुना आहे. मिलिंद राजा व नागसेन भिक्षु यांच्या पाली संवादांत राजा रथांत बसून आल्याचें सांगतो, तेव्हां भिक्षु त्यास विचारतो कीं, आंस म्हणजे रथ काय? चाकें म्हणजे रथ काय? साटा, जू, लगाम, यांपैकीं कोणता भाग रथ? राजास प्रत्येक वेळीं नाहीं म्हणावें लागतें. सर्व भाग मिळून जें जुळतें त्यासच आपण व्यवहारांत रथ हें नांव देतों, एवढेंच शेवटीं उरतें. तर्क बिनतोड आहे. मात्र आमच्या मनांत एक शंका येते. तो रथ कोणाच्या बापानें चालविलेला नव्हता. रथ म्हणजे काय हें सांगतांना त्याच्या लांकडाचा विचार पुरेसा होतो. वडिलांचा रथ म्हणजे काय हें सांगतांना तो पुरत नाहीं.

या ट्रकाचेंच पाहा. टाटांनीं डाइम्लर-बेंझ या जर्मन कंपनीशीं करार करून १९५४ सालीं जमशेदपूर येथें ट्रक बांधण्यास आरंभ केला. करार १५ वर्षांचा होता. १९६९ सालीं तो संपला आणि ताऱ्याच्या जागीं टाटांचें स्वतःचें अक्षर आलें. म्हणजे आमच्या पत्रलेखकाचा ट्रक ताऱ्याच्या अखेरच्या ट्रकांपैकीं होय. हौशी संग्राहकास एवढें पुरें. तो त्या ताऱ्यासाठीं पैसे मोजील. पण पत्रलेखकाच्या वडिलांस ताऱ्याचें काय होतें? ते त्या ट्रकानें ढोकीच्या तेरणा कारखान्यास ऊस नेत, आणि हंगाम संपला कीं सोलापुराहून सिमेंट व खत आणीत. मुलांच्या शाळेचा खर्च त्या हौद्यांतून निघाला. पत्रांत आणखी एक गोष्ट आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे भूकंप झाला, त्या दिवशीं हा ट्रक पाणी व भाकऱ्या घेऊन सास्तूर येथें गेला. सास्तूर तेव्हां उमरगा तालुक्यांत होतें, आज लोहारा तालुक्यांत आहे. किल्लारीप्रमाणें तेंही गांव जमीनदोस्त झालें होतें. त्या एका पहांटेनें दोन्ही जिल्ह्यांत मिळून हजारों माणसें नेलीं. परत येतांना हौद्यांत जखमी होते, आणि त्यांस सोलापुरास पोंचवावयाचें होतें. गर्दींत एका पडक्या भिंतीस घासून मागचा फाळका वांकला. वडिलांनीं तो पुढें कधींही सरळ केला नाहीं. कोणी विचारलें तर म्हणत, राहूं दे.

आतां पत्रलेखक कळवितात कीं गॅरेजवाल्यानें नवा फाळका व लोखंडी पत्र्याचा हौदा बसविण्याचा भाव दिला आहे. आम्ही म्हणतों, इंजिन उघडा, पण त्या फाळक्यास हात लावूं नका.

या विषयांत आमचें मत असें बनलें आहे कीं दुरुस्तींत दोन प्रकारचे भाग असतात आणि त्यांचा न्याय निरनिराळा आहे. ज्या भागावर परक्याचा जीव अवलंबून आहे, तेथें जुनेपणाची दयामाया करूं नये. ब्रेकच्या रबरी नळ्या व वॉशर इतकीं वर्षें उभ्या गाडींत कडक होऊन चिरतात. टायर वरून चांगला दिसला तरी आंतून मेलेला असतो. स्टिअरिंगचे जोड, कमानीचे पाटे, चासीस लागलेला गंज, हीं सर्व मेस्त्रीकडून ठोकून पाहावींत आणि जें डळमळीत तें काढून टाकावें, मग तें वडिलांनीं स्वतः बसविलेलें कां असेना. नळदुर्गच्या चढावर समोरून एस. टी. येत असतां वडिलांच्या हातचा वॉशर तुटला, तर त्यांत वडिलांचा कोणता मान राहिला? इंजिनाविषयींही घाई नको. पंधरा-सोळा वर्षें बंद असलेलें इंजिन ट्रॅक्टरनें ओढून चालू करूं पाहणारे पुष्कळ असतात. रिंगा लायनरला चिकटलेल्या असतात आणि एका हिसक्यांत सर्व नाश होतो. नोझल काढावेत, सिलिंडरांत तेल व डिझेल ओतून कांहीं दिवस ठेवावें, मग हातानें हळूहळू फिरवून पाहावें. टांकींतील गाळ काढल्यावांचून पंपास डिझेल दाखवूं नये. हें काम धीराचें आहे.

परंतु ज्या भागानें कोणास धोका नाहीं, तेथें नवेपणा हीच चूक होऊं शकते. वडिलांच्या तळव्यानें गुळगुळीत झालेली गीअरची मूठ, केबिनच्या दारावर खिळ्यानें कोरलेले खेपांचे आंकडे, तो वांकडा फाळका, हीं घासून रंगविलीं तर ट्रक सुंदर दिसेल आणि कोणाचाही होईल. जुनें तें सोनें ही म्हण भंगारवाल्यासही ठाऊक आहे. त्यास सोन्याचें फक्त वजन कळतें. मागें लिहिलेलें ‘हॉर्न ओके प्लीज’ मात्र पुन्हां रंगवूं नये, कारण आपल्या राज्यानें २०१५ सालीं त्यास मनाई केली आहे. तें जातांना आम्हांस थोडें वाईट वाटलें, हें कबूल करितों.

वस्तु जपण्याचा हा विवेक आपल्या जिल्ह्यास नवा नाहीं. तेर म्हणजे प्राचीन तगर. सुमारें १,९०० वर्षांपूर्वींच्या ग्रीक प्रवासवृत्तांत लिहिलें आहे कीं तेथील माल गाड्यांतून बिकट वाटांनीं भडोच बंदरास जाई. गाडीवानांचा हा मुलूख आहे. त्याच तेर गांवीं रामलिंगप्पा लामतुरे या व्यापाऱ्यानें मातींत सांपडलेल्या वस्तू वर्षानुवर्षें गोळा केल्या, आणि त्यांतून आज त्यांच्या नांवाचें सरकारी संग्रहालय उभें आहे. तेथील मातीच्या कित्येक मूर्ति भग्न आहेत. त्यांस कोणी नवे हात चिकटविले नाहींत.

आतां पहिला प्रश्न, आणि तो आम्हांस अधिक कठीण वाटतो. हा ट्रक कोणाचा? पत्रांत सर्वत्र ‘माझ्या वडिलांचा ट्रक’ असें लिहिलें आहे. परंतु आई हयात आहे. धाकटा बंधु आहे. औशास दिलेली एक बहीण आहे. वडिलांनीं मृत्युपत्र केलें नाहीं. अशा वेळीं आम्हां ख्रिस्ती लोकांस १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागतो: विधवेस एकतृतीयांश, बाकीचे मुलांस सारखे, आणि मुलगा व मुलगी हा भेद नाहीं. नऊ वांटे केले तर आईचे तीन आणि तिघां भावंडांचे दोन-दोन. थोरल्याचे दोनच! शेजारच्या हिंदु घरीं १९५६ च्या कायद्यानें वडिलांच्या स्वकष्टार्जित मिळकतींत चौघांस सारखा चौथा हिस्सा मिळाला असता. कोणताही कायदा घ्या, एकट्या पुत्रास वडिलांच्या नांवानें ती वस्तु आपली करितां येत नाहीं. भंगाराचा जो भाव आला त्यांत आईच्या औषधाचें पाणी आहे.

खर्चाचा विचारही स्पष्ट करावा. हौसेला मोल नाहीं म्हणतात; बिलास असतें. पत्रलेखक पतपेढीचें कर्ज काढूं पाहतात, आणि पुढें ट्रक ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवूं अशी त्यांची आशा आहे. ही आशा सोडावी. केंद्र सरकारनें जुलै २०२१ मध्यें केलेले ते नियम ५० वर्षांवरील खासगी दुचाकी व मोटारगाड्यांसाठीं आहेत. मालट्रक त्यांत बसत नाहीं. तो रस्त्यावर आणावयाचा तर इतर मालगाड्यांप्रमाणें फिटनेस घ्यावें लागेल, आणि ऊस वाहून कर्ज फिटेल असें त्याचें वय राहिलें नाहीं. वडिलांनीं तो ट्रक घर चालावें म्हणून चालविला. त्याच्यापायीं घरावर बोजा चढला, तर त्यांच्या तीस वर्षांच्या कष्टांचा अर्थच उलटा होईल. कर्जावांचून, हळूहळू, दर सुगीनंतर थोडें, असें होत असेल तर आम्ही मोह म्हणणार नाहीं. मग तो धोंडोपंती रस्त्यावर न जातां अंगणांत सुरू होऊन बंद झाला तरी चालेल.

पत्राच्या शेवटीं एक ओळ आहे कीं बहिणीनें फोनवर सांगितलें, इंजिन चालू झालें म्हणजे मला बोलवा. लहानपणीं ती बाबांच्या शेजारीं बसून तुळजापूरच्या बाजारास जात असे. आमची सूचना अशी कीं तिला तोंवर थांबवूं नये. मेस्त्रीस बयाणा देण्यापूर्वींच औशाहून बोलावून घ्यावें, धाकट्यास व आईस जवळ बसवावें, आणि हिशेबाची वही तिच्या हातीं द्यावी.