चूक कोणाची ?

एखादें यंत्र आपणांस चालवितां आलें नाहीं, म्हणजे सुशिक्षित मनुष्यही प्रथम स्वतःलाच अडाणी म्हणवून घेतो. ही सवय आम्हांस विनयाची वाटत नाहीं. डोनाल्ड नॉर्मन या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९८८ सालीं दाखवून दिलें कीं, अशा चुकांचें मूळ पुष्कळदां वापरणाऱ्याच्या बुद्धींत नसून वस्तूच्या घडणींत असतें. मुंबईस पवईच्या आय. आय. टी. मध्यें १९६९ पासून चालत आलेल्या अभिकल्प केंद्रांत मनुष्य व संगणक यांच्या व्यवहाराचा पदव्युत्तर अभ्यास होतो, तो याच विचारावर. नमुना तपासतांना समोरच्या मनुष्यास प्रथम सांगावयाचें असतें कीं, परीक्षा यंत्राची आहे, तुमची नव्हे. आमच्या मतें त्या विद्येंतील सर्वांत मोलाचें वाक्य हेंच.

त्याच केंद्रांतून २०१३ च्या सुमारास 'स्वरचक्र' हा मराठी कळफलक निघाला. व्यंजनावर बोट ठेवतांच त्याभोंवतीं बाराखडी चाकासारखी उमटते. शाळेंत घोकलेलें ज्ञान येथें यंत्रानें शिकून घेतलें, माणसास नवें घोकावें लागलें नाहीं.

यावर कोणी म्हणेल कीं, माणसानें थोडें वांकावयास काय हरकत आहे? मोहाडी तालुक्यांतील आंधळगांवचा कोसा विणणारा कारागीरही मागापुढें वर्षानुवर्षें वांकलाच कीं! आक्षेप खरा आहे, आणि तो झटकून टाकण्याजोगा नाहीं. परंतु मागापुढें घालविलेलीं वर्षें विणकराच्या हातांत कसब होऊन राहतात. धोट्याचा वेग त्याच्या मनगटाचा होतो. दर सहा महिन्यांनीं ज्याचा पडदा पालटतो त्या यंत्रापुढें केलेले श्रम मात्र वाहून जातात. शिकण्यांत कमीपणा नाहीं. शिकलेलें हिरावून घेतलें जाण्यांत आहे, असें आम्ही समजतों.

शिवाय ही विद्या दुधारी आहे. मन कोठें अडतें हें ज्यास कळलें, त्यास तें कोठें गुंतवून ठेवावें हेंही कळतें. मुलांच्या हातांतून मोबाइल सुटत नाहीं यांत तिचाही वांटा आहे. पदवीधरास नोकरी देणारे धनी यांपैकीं काय मागतात, हें आम्हीं सांगावयास नको.

आणि कित्येकदां तर प्रश्न सोयीचा नसून भाकरीचा असतो. रेशनच्या दुकानांत ओळख अंगठ्यानें पटवावी लागते. ज्याचीं बोटें कष्टानें झिजलीं, त्याचा ठसा यंत्र नाकारतें. तो बोट धोतरास पुसतो, पुन्हां टेकतो. बुबुळांची खूण, मोबाइलवर येणारा आंकडा, असे दुसरे मार्ग योजलेले आहेत खरे. पण ते मागावयाचे म्हणजे मागें खोळंबलेल्या रांगेदेखत वाद घालणें आलें. चूक आपलीच, असें वाटूं लागलेला मनुष्य वाद घालीत नाहीं. रिकामी पिशवी काखेस मारून तो घरचा रस्ता धरतो.